नव्वदवर तोडगा का निघत नाही? अमेरिकेतील खर्चाची विधेयके आणि बंद पडणारे सरकार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा भाचा एच-१बी व्हिसावर अमेरिकेत आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये तो नोकरी बदलत होता आणि नेमके तेव्हाच सरकार बंद पडल्यामुळे त्याचा अर्ज कामगार खात्यात अडकून पडला. त्यावरून तुम्ही विचारता की, एका पक्षाला शंभर खर्च करायचे असतील आणि दुसऱ्याला ऐंशी, तर नव्वदवर तोडगा काढून ही माणसे मोकळी का होत नाहीत, आणि आपल्याकडे असे कधी कसे ऐकू येत नाही.

मी वॉशिंग्टनमधील एका संघीय खात्याच्या अर्थसंकल्प कार्यालयात बावीस वर्षे नोकरी केली. २०१३ आणि २०१८-१९ चे शटडाउन मी आतून पाहिले. २०२५ चे निवृत्तीनंतर बाहेरून. मी कायदे करणाऱ्यांपैकी कधीच नव्हते. झालेला किंवा न झालेला कायदा खात्याच्या हिशेबात बसवणे एवढेच माझे काम होते, त्यामुळे माझे उत्तरही त्याच खुर्चीतून दिसणारे आहे, हे आधीच सांगते.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक आहे आणि बहुतेक वृत्तवाहिन्यांचेही तेच असते: भांडण रकमेचे आहे. माझा अनुभव उलट आहे. नव्वदचा आकडा बहुधा ठरलेलाच असतो, निदान दोन्हीकडच्या जाणत्या माणसांना तो ठाऊक असतो. घोडे अडते ते दुसऱ्याच दोन ठिकाणी. नव्वदवर सही करणाऱ्या नेत्याला त्याचाच पक्ष जिवंत ठेवील का, आणि आज सही झालेला नव्वदचा आकडा उद्या नव्वदच राहील का?

यंत्रणा आधी थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार कायद्याने मंजुरी मिळाल्याशिवाय तिजोरीतून एक डॉलरही काढता येत नाही. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि तोपर्यंत बारा विनियोजन विधेयके (म्हणजे खर्चाला मंजुरी देणारी विधेयके) दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन त्यांवर राष्ट्राध्यक्षांची सही व्हावी, अशी अपेक्षा असते. सध्याची पद्धत १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्याने घालून दिली. तेव्हापासून सगळी विधेयके वेळेत मंजूर झाली ती केवळ चार आर्थिक वर्षांसाठी: १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७. एरवी सप्टेंबरअखेर एक तात्पुरता ठराव करून मागच्या वर्षीच्याच दराने काही आठवड्यांचा खर्च चालू ठेवला जातो. त्याचे लांबलचक नाव कार्यालयात कोणी घेत नाही, सगळे ‘सी.आर.’ म्हणतात. सी.आर.ही झाला नाही, की शटडाउन.

गंमत म्हणजे, पैसे संपले की कार्यालयाला कुलूप लावा, असे घटनेत कोठेही लिहिलेले नाही. १९८० पूर्वी निधीत खंड पडला तरी कामे चालूच राहत आणि मंजुरी मागाहून मिळेल असे सगळे धरून चालत. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मंजुरीबाहेरच्या खर्चाला मनाई करणाऱ्या अँटिडेफिशियन्सी कायद्याचा काटेकोर अर्थ लावला की मंजुरी नसेल तर काम थांबलेच पाहिजे; पुढच्या वर्षी त्यांनी जीवित आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी लागणाऱ्या कामांना सूट असल्याचे स्पष्ट केले. म्हणून विमानांची ये-जा सांभाळणारे नियंत्रक पगाराविना कामावर येतात आणि माझ्यासारखे हिशेबनीस सक्तीच्या रजेवर घरी बसतात.

यात आणखी एक अडसर आहे. सिनेटमध्ये शंभर सदस्य असले, तरी चर्चा संपवून विधेयक मताला टाकायला साठ मते लागतात. एका पक्षाकडे साठ जागा क्वचितच असतात, त्यामुळे वार्षिक खर्चाचे विधेयक दुसऱ्या पक्षाच्या काही मतांशिवाय पुढे सरकत नाही. तडजोड हा इथे कोणाच्या मनाच्या मोठेपणाचा प्रश्न नाही. ती नियमानेच भाग पाडलेली आहे.

आता रकमेचा मुद्दा तपासून पाहू. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकार सोळा दिवस बंद होते. त्या वेळच्या सी.आर.मध्ये वार्षिक पातळी सुमारे ९८६ अब्ज डॉलर धरली होती. हा आकडा रिपब्लिकनांना हवा तसा होता आणि डेमोक्रॅटिक बहुमत असलेल्या सिनेटने तो नाराजीने का होईना, मान्य केला होता. म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचे, तर शंभरवाले ऐंशीच्या जवळ येऊन उभे होते. तरीही सरकार बंद पडले, कारण रिपब्लिकनांची मागणी होती ती ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याची नाडी आवळण्याची. त्या कायद्याचा बराचसा खर्च या विधेयकांतून होतच नसल्यामुळे १ ऑक्टोबरला आमची कार्यालये बंद झाली आणि त्याच दिवशी त्या विम्याच्या नोंदणीची संकेतस्थळे मात्र सुरू झाली.

डिसेंबर २०१८ मधले उदाहरण अधिक बोलके आहे. बारांपैकी पाच विधेयके आधीच मंजूर झाली होती. उरलेल्यांसाठीचा तात्पुरता ठराव सिनेटने १९ डिसेंबरला आवाजी मतदानाने मंजूर केला होता, म्हणजे मतांची मोजणी मागण्याचीही कोणाला गरज वाटली नव्हती. मग राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मिळाल्याशिवाय सही करणार नाही, असा पवित्रा घेतला. त्या वर्षीचा विवेकाधीन खर्च, म्हणजे दरवर्षीच्या विधेयकांतून मंजूर होणारा खर्च, १.३ लाख कोटी डॉलरच्या घरात होता. भिंतीची रक्कम त्याच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. पस्तीस दिवसांनी सरकार उघडले आणि फेब्रुवारीत जो मेळ बसला, त्यात कुंपणासाठी १.३७५ अब्ज मिळाले. शटडाउनपूर्वी सिनेटच्या समितीने मंजूर केलेल्या विधेयकात हाच आकडा १.६ अब्ज होता. पस्तीस दिवस ताणून हातात आले ते आधीपेक्षा कमी, आणि सही झाल्याबरोबर राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून दुसरीकडचा पैसा भिंतीकडे वळवण्यात आला.

२०२५ मध्ये बाजू उलटल्या. बंद पडू देणारे या वेळी डेमोक्रॅट होते, आणि समोरचा सी.आर. चालू दराचाच होता. त्यांना हवी होती ती वर्षअखेर संपणाऱ्या आरोग्यविम्याच्या वाढीव करसवलतींना मुदतवाढ, म्हणजे पुन्हा या विधेयकांबाहेरचाच विषय. त्रेचाळीस दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, सरकार उघडले. डेमोक्रॅटिक गोटातले आठ सिनेटर पलीकडे गेले आणि सिनेटमध्ये नेमकी साठ मते पडली. बदल्यात मिळाले ते त्या करसवलतींवर डिसेंबरमध्ये मतदान घेण्याचे आश्वासन. ते मतदान झाले आणि प्रस्ताव साठ मतांअभावी पडला.

तिन्ही प्रसंगांत नव्वदचा आकडा हाताशी असूनही सरकार बंद पडले. नाक दाबले की तोंड उघडते, हा हिशेब त्यामागे असतो. फक्त दाबलेले नाक विरोधी पक्षाचे नसून पगाराची वाट पाहणाऱ्या माणसाचे असते. ११ जानेवारी २०१९ ची माझी पगारपावती मी अजून जपून ठेवली आहे. मूळ वेतन, वजाती, निव्वळ वेतन असे सगळे रकाने नीट छापलेले आणि प्रत्येकासमोर शून्य. अशा वेळी सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांपैकी निम्मे घरी आणि निम्मे बिनपगारी कामावर होते. कोंडी फुटली ती सिनेटमधल्या भाषणांनी नव्हे. २५ जानेवारीला नियंत्रकांच्या कमतरतेमुळे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर येणारी विमाने काही काळ रोखावी लागली आणि त्याच दुपारी समेट जाहीर झाला.

मग समजूतदार नेते आधीच सही का करत नाहीत? याचे उत्तर ऑक्टोबर २०२३ ने दिले आहे. हाउसचे, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचे, रिपब्लिकन सभापती केव्हिन मॅकार्थी यांनी ३० सप्टेंबरला, मुदत संपायला काही तास उरले असताना, साधा सी.आर. मताला टाकला. तो ३३५ विरुद्ध ९१ असा मंजूर झाला आणि सरकार चालू राहिले. बाजूने पडलेल्या मतांत २०९ डेमोक्रॅटांची होती, आणि मॅकार्थींच्या स्वतःच्या पक्षातील नव्वद जण विरोधात गेले. तीन दिवसांनी त्यांची खुर्ची गेली. २१६ विरुद्ध २१० मतांनी सभापतीला हटवण्याची अमेरिकेच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ होती. आठ स्वपक्षीयांनी विरोधात मत दिले आणि ज्या डेमोक्रॅटांनी ठराव तारला होता, त्यांनी माणूस तारला नाही.

त्यांच्या जागी आलेल्या माइक जॉन्सन यांनीही अखेर तेच केले. मार्च २०२४ मध्ये वर्षाच्या खर्चाचे दुसरे मोठे विधेयक २८६ विरुद्ध १३४ असे मंजूर झाले, तेव्हा त्यांच्या पक्षातील १०१ बाजूने आणि ११२ विरोधात होते. स्वपक्षातले बहुमत सोबत नसेल तर विधेयक मताला टाकायचे नाही, हा रिपब्लिकन सभापतींचा जुना अलिखित नियम. तो उघडउघड मोडला गेला. मे महिन्यात त्यांना हटवण्याचा प्रस्ताव आलाही, पण या वेळी डेमोक्रॅटांनी तो ३५९ विरुद्ध ४३ मतांनी बाजूला सारण्यात हातभार लावला. दोघांनी केले एकच, आणि एकाची खुर्ची गेली तर दुसऱ्याची राहिली. दरम्यान युक्रेनच्या मदतीचा प्रश्न होता, पुन्हा तीन आठवडे सभापतीविना बसण्याची कोणाची तयारी नव्हती, आणि जॉन्सन यांनी विरोधकांशी संबंध तितके ताणलेले नव्हते, अशी कारणे मी देईन. पण हे माझे वाचन आहे. कोणती तडजोड पचेल आणि कोणती घशात अडकेल, हे त्या-त्या वेळच्या जागांच्या गणितावर अवलंबून असते आणि त्याचे पक्के सूत्र मला बावीस वर्षांत सापडले नाही.

तात्पुरत्या ठरावांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण बाहेर कोणी त्यांच्याकडे पाहत नाही आणि आमचे बहुतेक आयुष्य त्यांतच जाई. समजा, सी.आर. २१ नोव्हेंबरपर्यंतचा आहे. १ ऑक्टोबरपासून मोजले तर बावन्न दिवस होतात. बावन्नला तीनशे पासष्टने भागायचे, १४.२५ टक्के येतात, आणि गेल्या वर्षीच्या रकमेच्या साधारण तेवढाच हिस्सा तुम्हाला वापरायला मिळतो. नवे काम सुरू करायचे नाही. पूर्ण वर्षाचा करार करता येत नसेल, तर तो सात आठवड्यांचा करायचा, मग पुन्हा पाच आठवड्यांचा, आणि प्रत्येक वेळी त्याच कागदांवर त्याच सह्या घ्यायच्या. एका वर्षी आम्ही इमारतीच्या साफसफाईचा एकच करार चार तुकड्यांत केला. ज्या खर्चाला थांबणे परवडत नाही, त्यासाठी ठरावात अपवादांची यादी जोडतात; त्यांना ‘ॲनॉमली’ म्हणतात आणि सप्टेंबरमध्ये त्या यादीत आपली एक ओळ घुसवण्यासाठी खात्याखात्यांत जी धडपड चालते, ती पाहण्यासारखी असते.

आणि शटडाउनच्या पहिल्या सकाळी काय होते? सगळे कर्मचारी कार्यालयात येतात, पण जेमतेम अर्ध्या दिवसासाठी आणि फक्त काम नीट आवरण्यासाठी. ईमेलवर ‘निधीअभावी मी उत्तर देऊ शकत नाही’ असा निरोप लावायचा, शीतकपाटातले डबे काढायचे, कुंड्यांना पाणी घालायचे आणि निघायचे. त्यानंतर घरून कार्यालयाचा ईमेल उघडणेही नियमबाह्य, कारण फुकट काम स्वीकारायलाही अँटिडेफिशियन्सी कायद्याने सरकारला मनाई आहे. २०१९ पासून मागाहून पगार मिळण्याची कायद्याने हमी आहे. आमच्या इमारतीतल्या उपाहारगृहात आणि पहाऱ्यावर जी कंत्राटी माणसे होती, त्यांना अशी हमी तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.

तडजोड टिकलेली मी पाहिली ती डिसेंबर २०१३ मध्ये, सोळा दिवसांच्या नामुष्कीनंतर दोनच महिन्यांनी. हाउसकडून पॉल रायन आणि सिनेटकडून पॅटी मरे, दोघांचे राजकारण दोन टोकांचे. त्यांनी करपद्धतीत सुधारणा, निवृत्तिवेतन, आरोग्यविमा हे मोठे विषय टेबलावरून बाजूला केले आणि दोन वर्षांसाठी दोनच आकडे ठरवले, एक संरक्षणाचा आणि एक बाकी सगळ्याचा. आधीच्या कायद्याने लागू झालेली कपात दोन वर्षांत मिळून सुमारे ६३ अब्ज डॉलरनी सैल केली आणि ही सूट दोन्ही बाजूंत सारखी वाटून दिली. म्हणजे प्रत्येकाला घरी जाऊन सांगण्यासारखे काहीतरी होते, आणि हे आकडे कायद्यात लिहिलेले होते. हाउसमध्ये तो ३३२ विरुद्ध ९४ असा मंजूर झाला. वरचे आकडे पक्के झाले की विनियोजन समित्यांचे जुने खेळाडू बारा वाटे करायला बसतात, आणि ते काम त्यांना चांगले येते. सदस्यांच्या मतदारसंघातील कामांसाठी नावानिशी रक्कम देण्याची प्रथा २०११ मध्ये बंद केली होती, ती २०२१ मध्ये परत आणली. तिला भ्रष्टाचाराचे दार म्हणणारे पुष्कळ आहेत आणि ते अगदीच चुकीचे नाहीत. पण आपल्या गावच्या पुलाची ओळ ज्या विधेयकात आहे, त्याच्या विरोधात मत देणे जड जाते, हेही मी पाहिले आहे.

दुसरा प्रश्न होता ठरलेला आकडा टिकण्याचा. इथे २०२५ ने जुनी घडी विसकटली, असे माझे स्पष्ट मत आहे. खर्चाला मंजुरी द्यायला साठ मते लागतात, पण राष्ट्राध्यक्षांनी मागणी केल्यावर मंजूर खर्च रद्द करायला सिनेटमध्ये साधे बहुमत पुरते. जुलै २०२५ मध्ये परकीय मदत आणि सार्वजनिक प्रसारण यांचे सुमारे नऊ अब्ज डॉलर अशा रीतीने, ५१ विरुद्ध ४८ मतांनी, परत घेतले गेले. ऑगस्टच्या शेवटी प्रशासनाने आणखी सुमारे ४.९ अब्ज रोखून धरले, तेही आर्थिक वर्ष संपायला इतके थोडे दिवस उरले असताना की काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) काही केले नाही तरी मुदत संपून रक्कम आपोआप बुडावी. रकमा एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ होत्या. पण सौदा दोघांनी करायचा आणि मोडायचा मात्र एकट्याने, असे दिसल्यावर दुसऱ्याने पुन्हा टेबलावर का बसावे? सप्टेंबरमध्ये कोंडी झाली, तिच्या मागे आरोग्यविम्याइतकेच हेही होते.

आपल्याकडे हे का घडत नाही, याचे उत्तर सोपे आहे. भारतात खर्चाच्या मागण्या मंत्रिमंडळच मांडते आणि लोकसभेत बहुमत त्याचेच असते. धन विधेयक राज्यसभा चौदा दिवसांहून अधिक अडवू शकत नाही आणि महाराष्ट्रात विधान परिषदेचीही तीच स्थिती आहे. मागण्या नामंजूर झाल्या, तर कार्यालये बंद पडत नाहीत, सरकार पडते. निवडणुकीच्या वर्षी लेखानुदान घेऊन काही महिन्यांची सोय होते. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले, तेव्हा वित्त विधेयक मंजूर व्हायचे होते. काही दिवसांतच सगळ्या पक्षांनी मिळून ते चर्चेविना मंजूर केले आणि मगच लोकसभा विसर्जित झाली. अमेरिकेत असा शहाणपणा सुचत नाही याचे मला वाईट वाटते, पण आपणही फार मिरवू नये. आपल्या मागण्यांपैकी कितीतरी ‘गिलोटिन’खाली, म्हणजे चर्चेविना, एका घोषणेसरशी मंजूर होतात, आणि माझ्या खात्याच्या प्रत्येक ओळीवर उपसमितीने मागितलेले खुलासे आठवले की वाटते, शिस्त दोन्हीकडे निम्मी निम्मी आहे.

सी.आर. आपोआपच लागू व्हावा, म्हणजे शटडाउनची कटकटच नको, असेही तुम्ही सुचवले आहे. विस्कॉन्सिन राज्यात तसे आहे. नवा अर्थसंकल्प झाला नाही तर जुनाच पुढे चालतो. संघीय पातळीवर मला ते पूर्ण पटत नाही. आहे तेच चालू राहण्यात ज्याचा फायदा, तो पक्ष मग टेबलावर कशाला येईल, आणि आमच्या त्या १४.२५ टक्क्यांच्या तुकड्यांत खाते वर्षानुवर्षे चालवावे लागेल. मात्र हे मत पगार चालू असलेल्या माणसाचे नाही, निवृत्तिवेतनवाल्याचे आहे, हे लक्षात घ्या. सध्या पहाऱ्यावर असलेल्या कंत्राटी माणसाला विचाराल, तर तो उद्याच लागू करा म्हणेल.

शेवटी तुमच्या भाच्यापुरते. नागरिकत्व आणि स्थलांतर सेवेचे काम मुख्यतः अर्जशुल्कावर चालते, मुंबईच्या वकिलातीतील व्हिसाचेही तसेच, त्यामुळे ते सहसा थांबत नाही. अडते ते त्याआधीच्या पायरीवर, म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपनीने कामगार खात्याकडून घ्यायच्या एल.सी.ए. नावाच्या प्रमाणपत्रावर. २०१३ आणि २०२५ मध्ये ते काम ठप्प झाले होते. २०१८-१९ मध्ये पस्तीस दिवसांतही ते चालूच होते, कारण कामगार खात्याचे विधेयक आधी मंजूर झालेल्या पाचांत होते. म्हणून सप्टेंबरमध्ये ‘शटडाउन होणार का’ हे विचारण्याऐवजी बारांपैकी श्रम, आरोग्य आणि शिक्षण यांचे विधेयक कोठवर आले आहे, ते पाहायला त्याला सांगा. एल.सी.ए.ला साधारण सात कामकाजाचे दिवस लागतात आणि ते कामावर रुजू होण्याच्या सहा महिने आधीपर्यंत मागता येते. नोकरी ऑक्टोबरमध्ये बदलायची असेल, तर नव्या कंपनीच्या वकिलाकडून ते ऑगस्टमध्येच काढून घ्यावे.